काचेचा मणी कुठला आणि केव्हाचा? चौल, पूर्व आफ्रिका आणि शंभर वर्षांचा एक वाद

 

आजचा विषय आकाराने अगदी लहान आहे. काचेचा मणी. मंगळसूत्राच्या काळ्या पोतीतला मणी डोळ्यासमोर आणा, साधारण तेच माप. रंग मात्र वेगवेगळे: विटकरी लाल, काळा, पिवळा, हिरवा, निळा. असे मणी कोकणच्या किनाऱ्यावर सापडतात, पुदुच्चेरीजवळ सापडतात, श्रीलंकेत आणि पुढे इंडोनेशियापर्यंत सापडतात. पश्चिमेकडे बघितलं तर केनिया, मोझांबिक आणि थेट दक्षिण आफ्रिकेत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या वस्त्यांमध्येही ते निघतात. म्हणजे समुद्र ओलांडून गेलेत, यात शंका नाही. वाद आहे तो दोन प्रश्नांवर: ते तयार कुठे झाले, आणि केव्हा?

नवी मुंबईत हा विषय घेण्याला कारण आहे. आपण जिथे बसलो आहोत तिथून समोर खाडीत घारापुरी आहे. उत्तरेला सोपारा, खाडीने वर गेलं की कल्याण, आणि दक्षिणेला अलिबागच्या पुढे, कुंडलिका नदीच्या मुखाशी चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये यातली तीन नावं येतात: सुप्पारा, कल्लिएना आणि सेमिल्ला. सेमिल्ला म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आज याच पाण्यावर न्हावा-शेवा आहे. या न्हावा-शेव्याचा आपल्याला पुढे फार उपयोग होणार आहे, तेव्हा ते नाव लक्षात ठेवा.

एवढ्याशा मण्यावर काय अवलंबून असतं?

आधी हे सांगायला हवं की या वादात पणाला काय लागलेलं आहे. नाहीतर वाटेल, काही विद्वान मंडळी भिंगातून मणी बघत बसलेत, आपल्याला काय त्याचं!

आफ्रिकेत ग्रेट झिंबाब्वे नावाचं ठिकाण आहे. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या प्रचंड भिंती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे ब्रिटिश वसाहत आली आणि वसाहतवाल्यांनी एक गोष्ट ठरवूनच टाकली: एवढं मोठं बांधकाम स्थानिक आफ्रिकी लोकांचं असूच शकत नाही. कुणी फिनिशियन म्हणालं, कुणी शेबाची राणी म्हणालं. रिचर्ड हॉल नावाच्या गृहस्थांची तिथे देखरेखीसाठी नेमणूक झाली होती. १९०२ ते १९०४ या काळात त्यांनी ‘नंतरच्या लोकांचा कचरा’ म्हणून आतले मातीचे थर उपसून फेकून दिले. म्हणजे ज्या मातीत उत्तर होतं तीच गेली.

पुढे १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या पुरातत्त्वज्ञ तिथे गेल्या. त्यांनी मुद्दाम न ढवळलेली जागा शोधली, भिंतीच्या पायाखालपर्यंत खोदलं आणि तिथे जे मिळालं त्यात काचेचे मणी होते. मणी स्थानिक नव्हते, बाहेरून आलेले होते. हे मणी त्यांनी लंडनच्या होरेस बेक यांना दाखवले. बेक म्हणजे त्या काळात मण्यांमधला शेवटचा शब्द. मण्यांचं वर्गीकरण कसं करावं यावर त्यांचा १९२८ चा ग्रंथ आजही वापरात आहे. बेक यांना दक्षिण भारतातल्या आणि मलायातल्या मण्यांशी साम्य दिसलं आणि त्यांनी काळ दिला पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धाचा. १९३१ मध्ये केटन-थॉम्प्सन यांचं ‘द झिंबाब्वे कल्चर’ प्रसिद्ध झालं. निष्कर्ष स्पष्ट होता: बांधकाम मध्ययुगीन आहे आणि ते आफ्रिकी लोकांचंच आहे.

आता गंमत बघा. निष्कर्षाचा गाभा बरोबर होता, पण तारीख लवकरची निघाली. पुढे कार्बन-१४ ची पद्धत आली आणि दगडी बांधकामाचा काळ साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकाकडे सरकला. म्हणजे मण्यांनी फिनिशियनांची कथा पाडली, पण मण्यांवरून काढलेलं शतक टिकलं नाही. मणी साक्षीदार चांगला आहे, पण त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. आजच्या व्याख्यानात आपण तेच करणार आहोत.

मण्याचं वय का सांगता येत नाही?

पहिली अडचण रसायनाची. कार्बन-१४ ने लाकूड, कोळसा, हाड, धान्य यांचं वय काढता येतं, कारण ते कधीतरी जिवंत होतं. काच वाळू आणि खारापासून होते. तिचं वय थेट काढता येत नाही. म्हणून मणी ज्या थरात सापडला त्या थराचं वय आपण मण्याला देतो.

दुसरी अडचण इथेच सुरू होते. मणी लहान असतो, गोल असतो, गुळगुळीत असतो. उंदीर-घुशींच्या बिळातून, झाडाच्या मुळांच्या पोकळीतून, पावसाळ्यानंतर जमिनीला पडणाऱ्या भेगांतून तो खालच्या थरात जातो. काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे देशावरच्या लोकांना सांगायला नको. नांगर फिरला की उलटं होतं, खालचा मणी वर येतो. एखाद्या थरात एकच मणी मिळाला तर त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

तिसरी अडचण माणसाची. मणी टिकतो आणि माणसं तो जपतात. आजीची माळ नातीकडे येते. शंभर-दीडशे वर्षं वापरलेला मणी जमिनीत गेला तर थराचं वय आणि मण्याचं वय यात तेवढं अंतर पडणार.

आणि चौथी, सगळ्यात त्रासदायक: या मण्यांची घडण शेकडो वर्षं बदललेलीच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा विटकरी लाल मणी आणि पाचशे वर्षांपूर्वीचा विटकरी लाल मणी शेजारी ठेवला तर नुसत्या डोळ्याने फरक सांगणं कठीण जातं.

घडण का बदलली नाही, हे समजायला आंध्र प्रदेशात जावं लागतं. तिरुपतीच्या जवळ पापनायडूपेट नावाचं गाव आहे. तिथे ही जुनी पद्धत चालत होती आणि अमेरिकन अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी ती बारकाईने नोंदवली. लाडा नावाची लांब लोखंडी नळी असते. तिच्या टोकाला वितळलेल्या काचेचा मोठा गोळा चढवायचा, गोळ्यात पोकळी ठेवायची आणि तो पुन्हा भट्टीत तापवायचा. मग भट्टीच्या दुसऱ्या बाजूने कारागीर त्या गोळ्यातून काचेची बारीक पोकळ नळी ओढत राहतो, ओढत राहतो. काही मीटर, मग आणखी काही मीटर. नळी थंड झाली की तिचे बारीक तुकडे. तुकड्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून ते राखेत घालून परत तापवायचे. राखेमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत, छिद्र बुजत नाही, आणि कडा गोल होतात. एका गोळ्यातून हजारो मणी. एवढं स्वस्त, एवढं भरपूर उत्पादन देणारं तंत्र कोण कशाला बदलेल?

नावात काय होतं?

या मण्यांची नावं कशी बदलत गेली ते पाहिलं की वादाचा प्रवास कळतो. १९५० च्या दशकात डच अभ्यासक व्हॅन डर स्लीन यांनी त्यांना ‘ट्रेड-विंड बीड्स’ म्हटलं, म्हणजे व्यापारी वाऱ्यांवर गेलेले मणी. हे नाव प्रवासाबद्दल बोलतं, जन्मगावाबद्दल बोलत नाही. नंतर पीटर फ्रान्सिस यांनी ‘इंडो-पॅसिफिक’ हे नाव रूढ केलं. त्यांच्या मांडणीत या ओढीव मण्यांचं पहिलं मोठं केंद्र म्हणजे पुदुच्चेरीजवळचं अरिकमेडू, जिथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं होतं. तिथे फक्त मणी नाहीत, तर मणी करताना उरलेला कचरा, नळ्यांचे तुकडे, काचेचे गोळे मिळतात. तिथून हे तंत्र श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात गेलं, अशी ती मांडणी.

मांडणी प्रभावी होती, पण तिचा एक परिणाम असा झाला की कुठेही ओढीव मणी दिसला की लोक ‘इंडो-पॅसिफिक’ म्हणू लागले आणि मनातल्या मनात ‘अरिकमेडू’ किंवा ‘दक्षिण भारत’ वाचू लागले. पश्चिम किनारा या चित्रात जवळजवळ नव्हताच.

महाराष्ट्रात काम होत नव्हतं असं नाही हं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं. दीक्षितांनी पुढे मणी आणि काच हा आयुष्यभराचा विषय केला. त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. नेवासे, तेर, पैठण, भोकरदन, जिथे जिथे सातवाहनकालीन थर लागले तिथे काचेचे मणी निघाले. पण त्या काळात हातात साधनं होती ती डोळा, भिंग आणि थर. काचेच्या पोटात काय आहे हे मणी न फोडता कळायचा सोपा मार्ग नव्हता.

काचेच्या पोटात

तो मार्ग आला रसायनाच्या नव्या पद्धतींमुळे. यंत्राचा तपशील बाजूला ठेवू. एवढंच की लेसरने मण्यावर डोळ्यालाही दिसणार नाही असा सूक्ष्म खड्डा पाडायचा आणि उडालेल्या कणांत कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं. दशलक्षात एखादा भाग असलेलं मूलद्रव्यही यात सापडतं. मणी शाबूत राहतो. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये लॉर द्युसुबिए यांनी भारत, आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या हजारो मण्यांवर असं काम केलं आहे.

काच समजायला स्वयंपाकघरापर्यंतच जावं लागतं. वाळू एकटी वितळवायला फार उष्णता लागते. तिच्यात खार मिसळला की ती लवकर वितळते. खार दोन ठिकाणांहून मिळतो. एक, विशिष्ट वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून. इराण, इराक, सीरियाकडची मध्ययुगीन काच प्रामुख्याने अशी. दुसरा, जमिनीतून. उत्तर भारतात उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर येतो, त्याला रेह म्हणतात. आपल्याकडे चोपण जमिनीवर असाच थर दिसतो. पापडखार माहीत असलेल्यांना हे कुटुंब ओळखीचं वाटेल. जमिनीतला खार आणि अशुद्ध वाळू वापरून केलेल्या भारतीय काचेत अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण बरंच जास्त असतं. भूमध्य समुद्राकडच्या काचेत ते कमी असतं. ही पहिली खूण.

या खुणेने एक वाद मिटायला मोठी मदत झाली. १९९६ मध्ये शर्मा सैतोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की दक्षिण आफ्रिकेतल्या दहाव्या ते तेराव्या शतकांतले मणी इजिप्तमधल्या फुस्तातहून, म्हणजे जुन्या कैरोहून आले. २०१० मध्ये पीटर रॉबर्टशॉ, मॅरिली वुड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मण्यांचं रसायन एकत्र मांडलं. चित्र वेगळं निघालं. आठव्या-नवव्या शतकांतले मणी वनस्पतींच्या राखेच्या काचेचे, म्हणजे इराण-इराकच्या बाजूचे. लिंपोपो नदीच्या खोऱ्यात के-टू नावाची वस्ती आहे, तिथले दहाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे मणी मात्र उच्च अ‍ॅल्युमिनाच्या, जमिनीतल्या खाराच्या काचेचे, म्हणजे भारताच्या बाजूचे. मग तेराव्या शतकात शेजारच्या मापुंगुब्वेला पुन्हा राखेच्या काचेचे मणी. आणि पंधराव्या शतकापासून परत भारतीय काच.

बघा, इथे ‘आफ्रिकेतले मणी भारतातून गेले’ हे एक वाक्य मोडून चार वाक्यं झाली. माल येण्याची दिशा दर दोन-तीनशे वर्षांनी बदलते आहे. आणि आफ्रिकी माणूस नुसता गिऱ्हाईक नव्हता. के-टूच्या लोकांनी आयात केलेले निळसर-हिरवे मणी वितळवून मातीच्या साच्यात मोठे नळकांड्यासारखे मणी केले. म्हणजे काच भारतीय, पण मणी के-टूचा! आता या मण्याचं जन्मगाव कुठलं लिहाल?

चौलचा दावा

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. चौलला डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला काम केलं. तोपर्यंत चौल म्हटलं की लोकांना पोर्तुगीज आठवायचे: १५०८ ची लढाई, रेवदंड्याचा कोट, १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेला ताबा. गोगटे यांच्या कामातून चौलच्या जमिनीखाली सातवाहनकाळापर्यंत जाणारी वस्ती पुढे आली, आणि ‘पेरिप्लस’मधलं सेमिल्ला कागदावरून जमिनीवर उतरलं.

२००८ मध्ये द्युसुबिए, चापुरुखा कुसिंबा, गोगटे, राहुल ओका आणि इतरांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात केनियातले मणी आणि चौलचे मणी यांची तुलना होती. उच्च अ‍ॅल्युमिनाची काच दोन्हीकडे होतीच, पण महत्त्वाची खूण वेगळी होती: युरेनियम जास्त आणि बेरियम कमी. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या काचेत नेमकं उलटं असतं, बेरियम जास्त, युरेनियम कमी. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या ‘इंडो-पॅसिफिक’ मण्यांमध्ये रसायनाने दोन वेगळी घराणी दाखवली. दक्षिणेकडच्या काचेला प्रकार १ म्हणतात, चौल आणि केनियात मिळालेल्या काचेला प्रकार २. पूर्व आफ्रिकेचं नातं अरिकमेडूशी नव्हे, पश्चिम भारताशी जुळलं. इतकी वर्षं चित्राबाहेर असलेला आपला किनारा एकदम मध्यभागी आला.

पण थांबा. उलटतपासणी अजून बाकी आहे.

पहिला मुद्दा काळाचा. प्रकार २ चा काळ दिला गेला होता नववं ते एकोणिसावं शतक. हजार वर्षं! हजार वर्षं चालणारा प्रकार तारीख ठरवायला काय कामाचा? २०२१ मध्ये द्युसुबिए आणि वुड यांनी आफ्रिकेतल्या, नीट कालनिश्चिती झालेल्या ठिकाणांचे मणी पुन्हा तपासले. सूक्ष्म मूलद्रव्यांवरून या एका गटाचे दोन गट पडले. नवव्या ते तेराव्या शतकांतली काच वेगळी, तिला प्रकार ६ असं नवं नाव मिळालं. चौदाव्या शतकापासून पुढची ती प्रकार २.

याचा अर्थ नीट लक्षात घेऊ. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. दहाव्या शतकातलं गजबजलेलं चौल आणि त्याच शतकाच्या अखेरीला आफ्रिकेत पोचलेले भारतीय काचेचे मणी, या दोन टोकांना जोडणारी रेघ ओढायचा मोह फार मोठा आहे. पण चौलचे मणी एका हजार वर्षांच्या सैल गटात होते तोवरच ती रेघ आपोआप ओढली जात होती. गट फुटल्यावर दहाव्या शतकासाठी चौलचं नाव घ्यायचं तर चौलच्याच नीट नोंदवलेल्या थरातला, प्रकार ६ चा मणी दाखवावा लागतो. पुरावा शतकागणिक द्यावा लागतो. आपलं गाव आहे म्हणून सूट नाही.

दुसरा मुद्दा दगडाचा. कोकणचा आणि देशाचा दगड बेसॉल्ट, काळा कातळ. त्यात युरेनियम अगदी कमी असतं. मग जास्त युरेनियमची काच इथल्या वाळूतून कशी झाली असेल? अशी वाळू ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या झिजेतून येते. म्हणजे चौलच्या मण्यांची काच चौलच्या वाळूची असण्याचा संभव कमी. कच्ची काच दुसरीकडे, जिथे तशी वाळू आणि रेहसारखा खार दोन्ही मिळतात तिथे शिजली असणार, आणि ढेकळांच्या रूपात बाजारात आली असणार. यात नवल नाही. ‘पेरिप्लस’मध्ये भडोच आणि मुझिरिस बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. काच ही तेव्हाही लोखंडासारखी, तांब्यासारखी कच्च्या मालाच्या रूपात फिरणारी वस्तू होती.

तिसरा मुद्दा कागदपत्रांचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लिहितो की सोफाल्याच्या व्यापाऱ्यांकडे येणारे करडे, लाल, पिवळे मणी खंबायतहून येतात. तो खंबायत म्हणतो, रसायन चौलकडे बोट दाखवतं. खोटं कोण बोलतंय? बहुधा कुणीच नाही.

आता ते न्हावा-शेवा आठवा. समजा पाचशे वर्षांनी कुणाला मोम्बासाच्या किनाऱ्यावर एक कंटेनर सापडला आणि त्यावर न्हावा-शेव्याची नोंद आहे. आतला माल न्हावा-शेव्याला तयार झाला का? माल लुधियानाचा असेल, सूत कोइम्बतूरचं असेल, व्यापारी सुरतेचा असेल. चारही उत्तरं खरी आहेत, कारण प्रश्नच चार आहेत. मण्याचंही तसंच: काच शिजली कुठे, मणी घडला कुठे, जहाजात चढला कुठे, आणि मातीत पडला कुठे? बार्बोझा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, रसायन पहिल्याचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त कारखान्याचा कचरा देतो: वितळलेले लोळे, वाकड्या नळ्या, बिघडून एकमेकांना चिकटलेले मणी. कुणी बिघडलेला माल जहाजात भरून परदेशी पाठवत नाही. म्हणून पुरातत्त्वात चांगल्या शंभर मण्यांपेक्षा बिघडलेला एक मणी जास्त बोलतो.

काळाचेही असेच चार प्रश्न: केव्हा शिजली, केव्हा घडला, किती दिवस वापरला, केव्हा पडला. गेल्या शंभर वर्षांतली निम्मी भांडणं या प्रश्नांची उत्तरं एकमेकांना लावल्यामुळे झालेली आहेत, असं आम्हाला वाटतं.

मग आपल्याकडे काय उरतं?

कुणाला वाटेल, हे तर चौलचं श्रेय काढून घेणं झालं. आम्हाला उलट वाटतं. ‘चौलला मणी तयार व्हायचे आणि आफ्रिकेत जायचे’ हे एका ओळीचं वाक्य होतं. आता त्याजागी आतल्या मुलुखातल्या भट्ट्या, घाट उतरणारे बैल, किनाऱ्यावरचे कारागीर, खंबायतचे व्यापारी, अरब आणि स्वाहिली खलाशी आणि लिंपोपोच्या काठी मणी वितळवून आपल्या आवडीचा मणी करणारे लोक, अशी अख्खी साखळी दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराचं दान कोरलेलं आहे. तो दगडाचे मणी करत होता की काचेचे, हे लेख सांगत नाही. पण मणी करणारा माणूस लेण्याला दान देण्याइतका उभा होता, एवढं तो नक्की सांगतो.

आणि या साखळीतली आपली कडी अजून कच्ची आहे. आफ्रिकेतल्या मण्यांचे काळ पक्के होत आहेत, कारण तिथे चाळणीने माती चाळून, थराची नोंद ठेवून मणी गोळा झाले. आपल्याकडे पांढरीच्या टेकाडांवरून वेचलेले मणी पेट्या भरून आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारख्या माणसाने आयुष्य घालून वस्तू जमवल्या, आज त्यांच्या नावाने तिथे सरकारी संग्रहालय आहे, आणि ते नसते तर त्या वस्तू केव्हाच विकल्या गेल्या असत्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण वेचलेल्या मण्याला थर नसतो. यंत्र त्याची काच सांगेल, शतक मात्र आफ्रिकेतून उसनं आणावं लागेल. आपल्याच किनाऱ्याची तारीख परदेशातल्या थरावरून लावायची, अशी ही परिस्थिती आहे.

चौल-रेवदंड्याची जुनी वस्ती नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आहे. तिथे घरं वाढताहेत, विश्रामगृहं होताहेत, पाया खणला की माती ट्रकमध्ये जाते. इकडे आपल्या नवी मुंबईतही १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून किती भराव झाला, विमानतळासाठी उलव्याची टेकडी कशी कापली गेली, हे आपण पाहिलेलंच आहे. बांधकाम थांबवा असं आम्ही म्हणत नाही. पण खणण्याआधी चार दिवस चाळणी लावून बघणं अशक्य नाही. हॉलनी झिंबाब्वेत थर फेकले तेव्हा त्यांच्या मनात एक खोटी कथा होती. आपण फेकतो तेव्हा मनात काहीच नसतं. मातीच्या दृष्टीने परिणाम एकच.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: मंगळसूत्रातले काळे मणी याच परंपरेतले आहेत का? म्हणजे मंगळसूत्र दोन हजार वर्षं जुनं म्हणायचं का?*

तंत्र त्याच कुटुंबातलं असू शकतं. पण वस्तू जुनी म्हणजे तिचा अर्थही तेवढाच जुना, असं होत नाही. उत्खननात काळा मणी सुटा मिळतो. तो लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातला होता, लहान मुलाच्या मनगटातला होता की बैलाच्या गोंड्यातला, हे मणी सांगत नाही. तिथे साहित्य, शिल्प आणि चालीरीतींचा पुरावा लागतो.

*प्रश्न: भारतात काच रोमन लोकांनी आणली, असं शाळेत ऐकलं होतं.*

नाही. हस्तिनापूरला रोमन व्यापाराच्या कितीतरी शतकं आधीच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळालेले आहेत. उच्च अ‍ॅल्युमिनाची काच हीच मुळी इथली ओळख आहे. रोमन काच आली, कच्ची काचही आली, पण ती आधीपासून चालू असलेल्या धंद्यात आली. रोमन लेखक प्लिनीनेच लिहून ठेवलंय की भारतातली काच फुटलेल्या स्फटिकापासून करतात, म्हणून तिला तोड नाही. कृती त्याने ऐकीव सांगितली, पण प्रशंसा नोंदवण्यासारखी आहे.

*प्रश्न: आमची वाडी रेवदंड्याजवळ आहे. खणताना मणी निघाले तर काय करायचं?*

सगळ्यात आधी, ते दोऱ्यात ओवू नका. एकदा माळ झाली की कुठला मणी कुठल्या खड्ड्यातला हे कायमचं गेलं. प्रत्येक खड्ड्याचे मणी वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर जागा, खोली आणि तारीख लिहा, खड्ड्याच्या कडेचा फोटो काढा. खापरं, काचेचे वेडेवाकडे लोळे, राखेचा पट्टा दिसला तर फेकू नका. मण्यापेक्षा तेच महत्त्वाचे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. राज्याच्या पुरातत्त्व विभागालाही कळवा. चौलच्या दहाव्या शतकाचा जो पुरावा आपण आज शोधत होतो, तो एखाद्या वाडीतल्या अशाच नीट लिहिलेल्या पाकिटात असू शकतो.